आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा प्रोफेसर व्हायचंय म्हणतेस, तर ऐक

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी बडोद्यात एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय. बाबा म्हणतात त्यापेक्षा यूपीएससी नाहीतर जीपीएससी दे, यात काय मिळणार? मॅडम, हे करिअर नेमकं असतं कसं आणि बडोद्यात बसून जमतं का?"

जमतं. हे आधी सांगून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, बाकीचं आता सावकाश. मी दांडिया बाजारातली, शाळा-कॉलेज इथलंच, पीएचडीच्या कामाला काही वर्षं दिल्लीला ये-जा केली आणि २००१ पासून राज्यशास्त्र शिकवतेय, त्यातला मोठा भाग आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा. तुझ्या बाबांचं म्हणणं मला नवीन नाही. माझे बाबा बँकेत होते, त्यांनी पीओच्या परीक्षेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता, वर पेपरवेट ठेवून, म्हणजे पंख्याने उडाला असं मला म्हणता येऊ नये.

आता पहिला गैरसमज. सुरक्षा म्हटलं की लोकांना वाटतं या बाईला आतल्या गोष्टी माहीत असणार. लग्नकार्यात कोणी ना कोणी काका हळूच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात आणि विचारतात, काय मग, युद्ध होणार का? मला काय ठाऊक काका, मी पण तुमच्यासारखाच पेपर वाचते, फक्त जरा जास्त जुने वाचते. या धंद्यात गुपितं हाती लागत नाहीत आणि लागलीच तर ती छापता येत नाहीत. आपल्या हातात असतो कागद, सगळ्यांसाठी उघडा असलेला पण कोणी न वाचलेला. संसदेतली उत्तरं, संरक्षणाच्या स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे अहवाल, करारांचा मजकूर, दुसऱ्या देशांनी खुल्या केलेल्या फायली. ज्याला असं वाचायचा कंटाळा येतो त्याने इथे येऊ नये, आणि ज्याला यातच मजा येते त्याला दुसरीकडे कुठे करमत नाही, माझं असं झालंय.

माझंच उदाहरण देते म्हणजे कळेल. माझी पीएचडी एका छोट्या करारावर आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादला भारत-पाकिस्तानने सही केली की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. तोंडी बोलणं १९८५ च्या डिसेंबरात राजीव गांधी आणि झिया उल हक यांच्यात झालं होतं, मग ब्रासटॅक्स या सीमेजवळच्या आपल्या मोठ्या लष्करी सरावाचा ताण येऊन गेला, मग सही, मग अंमल सुरू व्हायला १९९१ चा जानेवारी. आणि १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या, अक्षांश-रेखांशासकट, एकमेकांना देतात. एकही वर्ष चुकलेलं नाही. २०२५ च्या १ जानेवारीला सलग चौतिसावी वेळ होती. आता गंमत बघ, ती यादी मी आजतागायत पाहिलेली नाही, पाहणारही नाही, ती प्रसिद्ध होतच नाही. म्हणजे ज्या कागदावर मी पाच वर्षं घालवली तो कागदच मला दिसत नाही! पण माझा प्रश्न यादीत काय आहे हा नव्हताच. माझा प्रश्न होता की बाकी सगळं तुटतं तेव्हा हे एवढं का टिकतं.

मी १९९६ ला नाव नोंदवलं, आणि १९९८ च्या मे महिन्यात ११ आणि १३ तारखेला पोखरणला स्फोट झाले, मग महिनाअखेर पाकिस्तानने चाघईला केले. मी सुट्टीत घरी होते, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आणि मला वाटलं संपलं, माझा विषयच शिळा झाला, सगळं परत लिहायला लागणार. गाईडना एसटीडी बूथवरून फोन लावला. ते म्हणाले, एक अक्षर बदलू नकोस, १ जानेवारीपर्यंत थांब. यादी दिली गेली. मग १९९९ ला कारगिल, आणि त्या वर्षाच्या शेवटी ते विमान अपहरण, कंदाहार, ३१ डिसेंबरला प्रवासी सुटले. दुसऱ्या दिवशी १ जानेवारी. मी २ तारखेला सकाळी रावपुऱ्यातल्या पेपरवाल्याकडून होते नव्हते तेवढे पेपर उचलले, पहिलं पान सगळं अपहरणाचं, पान उलटत उलटत आत गेले आणि एका कोपऱ्यात, जाहिरातीच्या वर, चार ओळी सापडल्या की याद्यांची देवाणघेवाण झाली. पेपरवाला बघत होता की या बाईला एवढ्या भयंकर बातम्यांत हसायला काय झालं. त्या चार ओळींवर माझा शेवटचा चॅप्टर उभा आहे.

तर तुला पहिलं हे सांगणं की प्रश्न लहान घे. "भारत-पाक संबंध" हा प्रश्न नव्हे, ते गोदाम आहे. "चीनचा उदय" हे तर त्याहून मोठं गोदाम. माझ्याकडे दरवर्षी दोन-चार जण येतात, डोळ्यात चमक, विषय विचारला की "दक्षिण आशियातील सुरक्षा आव्हाने", मी म्हणते बाळा यात तुझं म्हातारपण जाईल. एक करार, एक संस्था, एक संकट, एक निर्णय, एवढंच धर आणि त्यात "का" घाल.

परीक्षांचं पटकन सांगते, ते तुला कुठेही मिळेल. नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा, वर्षातून दोनदा असते, पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, तीन तासात दोन्ही, निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न सोडू नकोस. बसलेल्यांपैकी ६ टक्के पात्र ठरतात, त्यात वरच्यांना जेआरएफ. जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,०००, पुढे तिची वरची पायरी एसआरएफ, तिला ४२,०००, आणि हे मिळालं तर बाबांचा अर्धा विरोध मावळतो असा माझा अनुभव आहे. आता नेटचे मार्क पीएचडी प्रवेशालाही धरतात, ७० टक्के नेट ३० टक्के मुलाखत असा हिशोब, पण कुठलं विद्यापीठ काय पाळतं ते त्यांच्या नोटीसवर बघ. आपली जीसेट, म्हणजे राज्याची तशीच परीक्षा, तर आपल्या सयाजीराव विद्यापीठाकडेच आहे, ती गुजरातपुरती चालते, नेट देशभर. दोन्ही दे. २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या पदाला नेट किंवा सेट ही किमान पात्रता, पीएचडीची सक्ती नाही, पण पुढे सरकायला पीएचडी लागतेच. आणि २०२४ च्या जूनसारखं होऊ शकतं, परीक्षा १८ तारखेला झाली आणि १९ ला रद्द. माझी एक विद्यार्थिनी त्या दिवशी सेव-उसळ खायला घेऊन गेली होती मैत्रिणींना, पेपर चांगला गेला म्हणून, आणि रात्री बातमी आली. परत दिली, पास झाली, पण ती सेव-उसळ काही परत मिळाली नाही.

राज्यशास्त्रातून जायचं की डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजमधून, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस पण विचारशील. पुण्याला, अलाहाबादला, मद्रासला त्याचे जुने विभाग आहेत, आपल्याकडे गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, आणि दिल्लीला जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, ज्याची मुळं १९५५ पर्यंत जातात. माझं मत विचारशील तर राज्यशास्त्राचा पाया सोडू नकोस. नोकऱ्या राज्यशास्त्रात जास्त आहेत हा रोकडा मुद्दा झालाच, पण दुसरं असं की नुसती शस्त्रं आणि नकाशे शिकलेला माणूस सरकार निर्णय कसं घेतं हे विसरतो. रणगाडा स्वतः काही ठरवत नाही.

आता शिकवण्याचं, कारण प्रोफेसर म्हणजे मुख्यतः शिकवणारा, हे संशोधनाच्या नादात लोक विसरतात. माझ्या वर्गात अर्धी मुलं गुजराती मीडियमची, पाच-सात आपल्या मराठी घरातली, काही हिंदी. डिटरन्स कसं समजावणार? पुस्तकात प्रतिरोधन लिहिलंय, ते वाचून कोणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. मी धाक म्हणते. शाळेत मास्तरांची छडी भिंतीला टेकवलेली असायची ना, वर्ग चिडीचूप, हा धाक. छडी पाठीत बसली म्हणजे धाक फसला, आता नुसता मार उरला. आणि मास्तर म्हणाले की उठ आणि फळा पूस नाहीतर बघ, ते वेगळं, ते करवून घेणं. न करू देणं सोपं, करायला लावणं अवघड, हा फरक थॉमस शेलिंग या अमेरिकन अभ्यासकाने नीट मांडला, आणि संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमला दहा महिने फौज सीमेवर उभी करून आपल्याला काय मिळालं आणि काय नाही यावर भांडायला मुलांना तेवढा फरक पुरतो. एवढं रंगात येऊन सांगितलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मेडम, आ पेपर मां आवशे?" येणार बाबा, लिहून घे.

बडोद्याचा फायदा असा की उदाहरणं घरची आहेत. हमी देणं म्हणजे काय हे शिकवायला मला अमेरिका-युरोपची नाटो ही लष्करी युती आधी लागत नाही, मी गंगाधरशास्त्री काढते. गायकवाडांचा वकील, अहमदाबादचा इजारा, म्हणजे महसुलाचा मक्ता, आणि जुन्या हिशोबाच्या बोलणीसाठी पेशव्यांकडे पुण्याला गेला तो कंपनी सरकारने जिवाची हमी दिली म्हणून, आणि १८१५ च्या जुलैत पंढरपूरला त्याचा खून झाला. आता कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन, त्याच्यापुढे प्रश्न काय? माणूस तर गेला. पण हमी मोडली आणि आपण गप्प बसलो असं दिसलं तर हिंदुस्थानातल्या बाकीच्या प्रत्येक दरबारात कंपनीच्या हमीची किंमत शून्य. म्हणून खुनाचा आरोप असलेल्या, पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात द्या हा हट्ट, मग ठाण्याची कैद, तिथून त्यांचं पलायन, १८१७ चा पुण्याचा तह आणि १८१८ ला पेशवाईच गेली. एका हमीची पत राखण्यापायी केवढं रामायण! मग मी नाटोवर येते, की एस्टोनियासारख्या छोट्या सदस्य देशासाठी वॉशिंग्टन खरंच लढेल का, आणि मुलांना ते लगेच कळतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांबद्दल, लिहिलंय तेही वाचून दाखवते, की हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत, यांना समुद्राकाठी, खाडीवर जागा देऊ नये. आज बंदरांच्या करारांवर जी चर्चा चालते ती त्या पानातून सुरू करता येते. कोणी म्हणतं ही ओढाताण आहे, म्हणू दे, माझी मुलं बरोबर उत्तरं लिहितात.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, लष्कराच्या तुकड्या आल्या. कॉलेज उघडल्यावर पहिलाच प्रश्न, मॅडम, मग पूर हा सुरक्षेचा विषय का? त्या दिवशी मी ठरवलेलं लेक्चर बाजूला ठेवलं. बॅरी बुझान, ओले वेव्हर ही सुरक्षेचा अभ्यास करणारी मंडळी म्हणतात की एखाद्या गोष्टीवर "हा सुरक्षेचा प्रश्न आहे" अशी पाटी कोणीतरी लावतं, आणि लोकांनी ती मानली की नेहमीची चर्चा थांबते आणि तातडीचे उपाय सुरू होतात. तर पुरावर पाटी लावली तर फायदा कोणाचा, नाल्यावरच्या बांधकामांचा प्रश्न मग कोण विचारणार, तास संपला तरी कोणी उठेना. असे तास वर्षात चार-पाच येतात. बाकी वर्ष त्यांच्या आठवणीवर काढायचं.

कारण बाकी वर्षात काय असतं ते पण ऐक. नियमाने असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं, वर पेपर तपासणं, अंतर्गत गुण पोर्टलवर चढवणं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, प्रवेश समिती, निवडणुकीची ड्युटी, युवक महोत्सवात कोणाचं नाटक किती वाजता. मी एका वर्षी अणुधोरणावरचा लेख अर्धा टाकून तीन आठवडे मागच्या पाच वर्षांच्या पाहुण्या व्याख्यात्यांचे फोटो शोधत होते, तारखेसह. संशोधन होतं ते पहाटे पाच ते सात, नाहीतर मे महिन्यात.

नोकरीची वाट लांब आहे हे लपवत नाही. मी आधी तासिकेवर शिकवलं, मग अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, दर जून महिन्यात ऑर्डर आली का बघायला ऑफिसात चकरा, क्लार्क वर न बघता "अजून नाही" म्हणणार. अशी सहा वर्षं गेली. एका कॉलेजात मुलाखतीला गेले तर पॅनेलवरच्या एकाने विचारलं, लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, आणि मिसाइलवर बाईमाणसाला काय बोलायचंय. नाव सांगत नाही, तो माणूस आता नाही. मी म्हटलं सर, मिसाइल बाई-पुरुष बघून पडत नाही. नोकरी अर्थातच मिळाली नाही. ग्रँटेड कॉलेजात आता अध्यापक सहाय्यक म्हणून लागलीस तर पाच वर्षं फिक्स पगार, मग पूर्ण स्केल. असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० पासून, प्रोफेसरचं १,४४,२०० पासून, वर भत्ते. म्हणजे उपाशी मरत नाही पण तिशी उलटेपर्यंत हात आखडूनच राहतो. बाबांना हे आकडे सरळ दाखव, लपवू नकोस.

यूपीएससीबद्दल एवढंच, दोन्ही एकदम करू नकोस. एका विद्यार्थ्याने केलं, सकाळी प्रिलिम्सची तयारी, संध्याकाळी थीसिस, घोडं दोन्हीकडे पेंड खात राहिलं. यूपीएससीला सगळ्यातलं थोडं लागतं, पीएचडीला थोड्यातलं सगळं लागतं, डोकं दोन दिशांनी ताणलं जातं. दोन वर्षं यूपीएससीला द्यायची असतील तर आधी दे आणि मग इकडे ये, ते वाचन वाया जात नाही.

पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर मुदतवाढ, सुरुवातीला कोर्सवर्क, हे २०२२ च्या नियमांनी आहे. एक प्रोफेसर एका वेळी आठच विद्यार्थी घेऊ शकतो, असोसिएट सहा, असिस्टंट चार, म्हणून गाईडकडे जागा आहे का हे आधी विचार. आणि गाईड निवडताना त्यांचं नाव किती मोठं ते नंतर बघ, ते मसुदा किती दिवसात परत देतात ते आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आणि तो कोणी विचारत नाही.

कागद कसे मिळतात, किंवा मिळत नाहीत, तेही सांगते. मला माझ्या कराराच्या मागचं, १९७२ च्या सिमला कराराच्या आसपासचं काही हवं होतं. कायद्याने पंचवीस वर्षांवरचे कागद अभिलेखागारात जायला हवेत. दिल्लीत एका अभिलेखागारात मी तीन दिवस बसले. चिठ्ठीवर फाइल नंबर लिहायचा, खिडकीत द्यायची, वाट बघायची. चिठ्ठ्या परत आल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलने दोन अक्षरं, एनटी. नॉट ट्रान्सफर्ड. मंत्रालयाने फाइल पाठवलेलीच नाही. तीन दिवसात बावीस चिठ्ठ्या, एकोणीस एनटी. संध्याकाळी बाहेर चहाच्या टपरीवर मी रडले, चक्क रडले, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या संशोधकाने सांगितलं की मुली, जे दिल्लीत मिळत नाही ते लंडनला आणि वॉशिंग्टनला मिळतं, आपल्या लोकांनी त्यांच्या राजदूतांना काय सांगितलं ते त्यांनी लिहून ठेवलंय आणि ते खुलं करतात. ते खरं निघालं. आज तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे कागद घरबसल्या दिसतात. पण जपून, त्यात आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला बघतो, राजदूत पण ऐकीव लिहितो, फुगवून लिहितो. म्हणून मी नंतर लोकसभेच्या चर्चांचे जुने बांधीव खंड धरले, धुळीने शिंका, पण खासदारांनी काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय टाळलं हे त्यात दिसतं. टाळलेलं उत्तर हा फार चांगला पुरावा असतो. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर कर, पण सुरक्षेच्या कलमाखाली नकार येईल हे धरून कर.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या मुलाखती हा दुसरा झरा, तो आटत चाललाय. २०२१ पासून गुप्तचर आणि सुरक्षेच्या संस्थांतून निवृत्त झालेल्यांना काही छापायच्या आधी परवानगी लागते, त्यामुळे लोक चहा पाजतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. नाव न छापण्याचा शब्द दिलास तर तो मरेपर्यंत पाळायचा. शब्द मोडला की एकट्या तुझं नाही, तुझ्या मागून येणाऱ्या सगळ्यांचं दार बंद.

आता माझी फजिती. २०१९ चा फेब्रुवारी, बालाकोटची रात्र उलटून गेलेली, एका वाहिनीचा फोन आला की मॅडम, तासाभरात गाडी पाठवतो. मी कधी नव्हे ते हो म्हटलं, मनात कुठेतरी असणारच की नातेवाईक बघतील. दिव्यांच्या झोतात बसवलं, सहा चौकोनात सहा जण ओरडतायत, आणि निवेदक मला म्हणाला, म्हणजे १९९९ ला आपल्या विमानांनी सीमा ओलांडली तसंच हे, बरोबर ना मॅडम? आणि मी मान हलवली. हो म्हटलं. ज्या बाईने आयुष्य या विषयात काढलं तिने! कारगिलच्या वेळी वायुसेनेला ताबारेषा ओलांडायची सक्त मनाई होती, हे मी स्वतः दरवर्षी शिकवते, संकट मर्यादित कसं ठेवतात याचं ते माझं पहिलं उदाहरण आहे. सकाळी आठला फोन वाजला, मकरपुऱ्याहून एक निवृत्त विंग कमांडर, मराठीच, अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, बाई, तेव्हा आम्हाला ओलांडायची परवानगी नव्हती, तुम्हाला माहीत असेलच. माझे कान गरम झाले. मी त्या दिवशी वर्गात जाऊन आधी चूक सांगितली, मग हजेरी घेतली. त्या गृहस्थांशी मात्र पुढे ओळख वाढली, वर्षातून एकदा वर्गात येतात, नकाशा काढून दाखवतात. तेव्हापासून वाहिनीचा फोन आला की मी म्हणते, पंधरा दिवसांनी या, तेव्हा बोलते. पंधरा दिवसांनी कोणी येत नाही.

छापण्याचं. सुरुवातीला घाई असते, प्रमोशनच्या मार्कांसाठी काहीही कुठेही छापायचा मोह होतो. मलाही एका जर्नलने ईमेल पाठवला होता, "आदरणीय विद्वान", पैसे भरा, दहा दिवसात छापू. मी भरले. छापलं पण, माझं आडनाव चुकीचं आणि दुसऱ्याच कोणाच्या लेखाचा सारांश माझ्या लेखावर. आता यूजीसीने २०२५ ला केअर ही मान्य जर्नलांची यादीही बंद केली, म्हणजे चांगलं-वाईट आपलं आपण पारखायचं. साधी खूण, खरं जर्नल तुला रडवतं. सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष, मग दोन परीक्षकांचे शेरे, त्यातला एक म्हणणार वाचन कमी पडलंय, दुसरा म्हणणार नवीन काय आहे यात. चार दिवस राग येऊ दे, पाचव्या दिवशी बस आणि एकेक मुद्द्याला उत्तर लिही.

भाषा एक जास्तीची शिक. मी मांडवीजवळ राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडे दोन वर्षं उर्दू वाचायला शिकले, आठवड्यातून तीन संध्याकाळ, फी म्हणून ते काही घेत नसत, खंडेराव मार्केटमधून कधी फळं न्यायची. पाकिस्तानचे इंग्रजी पेपर एक बोलतात आणि उर्दू पेपर दुसरंच, हे वाचल्याशिवाय कळत नाही. कोलंबोला एका वर्कशॉपमध्ये लाहोरची एक मुलगी भेटली, माझ्याच वयाची, तीही तात्पुरत्या नोकरीवर, तिचाही विषय याच कराराच्या जवळचा. रात्री जेवणानंतर आम्ही दोघी एकमेकींच्या तळटीपा तपासत बसलो. तिच्याकडे आमच्या मंत्र्यांचं एक विधान होतं जे मला सापडलं नव्हतं, माझ्याकडे त्यांच्याकडचं एक. अजून १ जानेवारीला आमचा एकमेकींना मेसेज जातो, नवीन वर्षाच्या शुभेच्छा नाहीत, फक्त "यादी गेली".

आणि बडोद्यात बसून काय करणार म्हणतेस? अगं सगळं दिल्लीतच असतं असं नाही. आपल्या बडोद्यातच तो सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना, टाटा आणि एअरबसचा, ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. एकूण ५६ विमानं, १६ स्पेनमधून आणि ४० इथे तयार होणार. सुटे भाग करणाऱ्या इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांचं काय बदललं, त्यांना गुणवत्तेची सर्टिफिकेटं मिळायला किती त्रास झाला, यावर दिल्लीचा माणूस येऊन काम करणार नाही, तू रिक्षाने जाऊ शकतेस. कच्छची सर क्रीक, भारत-पाक हद्दीवरची ९६ किलोमीटरची खाडी, आणि तिच्या वादापायी आपले कोळी बांधव तिकडे पकडले जातात, तिकडचे इकडे. कैद्यांच्या याद्या पण १ जानेवारी आणि १ जुलैला दिल्या-घेतल्या जातात, त्या कोणी बोटीच्या नंबरांशी जुळवून बघितल्यात का? २६/११ चे हल्लेखोर ज्या बोटीने आले ती पोरबंदरची होती, त्यानंतर किनाऱ्यावर पोलीस ठाणी झाली, बोटी झाल्या, कॅगने त्यांच्यावर काय लिहिलं ते वाच आणि मग प्रत्यक्ष जाऊन बघ. तुझ्या घरी गुजराती येतं, किनाऱ्यावरचा माणूस तुझ्याशी बोलेल. हे भांडवल परदेशातल्या नावाजलेल्या प्रोफेसरकडे नाही.

तर असं कर. यंदाच्या १ जानेवारीची परराष्ट्र मंत्रालयाची प्रेस रिलीज काढ, दोन-तीन परिच्छेदांची असते, पाच मिनिटांत वाचून होईल. मग दहा वर्षांपूर्वीची काढ, मग २००२ ची जमली तर, जेव्हा त्याच सुमाराला बस आणि रेल्वे बंद झाल्या होत्या. तिन्ही शेजारी ठेव, कुठला शब्द आला, कुठला गेला ते बघ, आणि एका पानात एक प्रश्न लिहून घेऊन ये. शनिवारी दुपारी मी घरीच असते, सुरसागरच्या मागे, तुझ्या बाबांनाही आण, चहा ठेवते.